एक जून, एक जानेवारी

सकाळी दहाच्या सुमारास शिरूरच्या एखाद्या महा ई-सेवा केंद्राच्या दारात थोडा वेळ थांबलं, की माणसांच्या जन्मतारखा कानावर पडतात. आतला मुलगा आधार कार्ड हातात घेतो, तारीख मोठ्याने वाचतो आणि टाइप करतो. एक जून एकोणपन्नास. एक जून चोपन्न. एक जानेवारी पन्नास. एक जानेवारी पंचावन्न. पुन्हा एक जानेवारी. मध्येच एखादी सात ऑगस्ट येते, आणि खरी असूनही तीच खोटी वाटते.

एक जूनचं गुपित आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला गुरुजींपुढे उभा करायचा. जन्म कधीचा, असं विचारलं की बाप आढ्याकडे बघायचा. मग गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का ते बघायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. अशी एक अख्खी पिढी एकाच दिवशी जन्माला आली. आजही दरवर्षी ३१ मे रोजी शाळांतून आणि कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची रांग लागते, ती त्या गुरुजींच्या कृपेने.

एक जानेवारी नंतरची. ज्यांना कुणी गुरुजींपुढे उभंच केलं नाही, त्यांची. आधार काढायला गेल्यावर आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना विचारलं, जन्म कधीचा? कुणी सांगितलं, पानशेत फुटलं तेव्हा मी धाकट्याला कडेवर घेत होते. कुणी सांगितलं, बहात्तरच्या दुष्काळात माझं लगीन होऊन वरीस झालं होतं. समोरच्याने मनात हिशोब केला आणि साल टाकलं. दिवस आणि महिना कुणाकडेच नव्हता. तिथे वर्षाचा पहिला दिवस पडला. या तारखेची माणसं बहुतेक बाया असतात.

दोन्ही तारखा खोट्या. त्यांच्यातलं अंतर मात्र खरं. एकाचा हात निदान एकदा तरी कानापर्यंत मोजला गेला होता. दुसरीला कुणी मोजलं नव्हतं. साठ वर्षांनी ते अंतर कुठे दिसतं? गुडघ्यात दिसतं. डोळ्यांत दिसतं. जिना चढताना दिसतं.

कुठल्याही गावातली अशी दोन माणसं मनात आणावीत. एक निवृत्त गुरुजी, एक शेतावर मजुरी केलेली बाई. कागदावर दोघांचं वय सत्तर. गुरुजी पहाटे कॅनव्हासचे बूट घालून फिरून येतात. दर तीन महिन्यांनी साखर तपासतात आणि आकडा वहीत लिहितात. बाईची साखर कधी वाढली ते कुणालाच माहीत नाही. पायाची जखम भरेना, तेव्हा कळलं. फिरायला जा, असं तिलाही डॉक्टर सांगतात. ती हसते. जन्मभर तिने दुसरं केलं काय? आणि आता घोडनदीच्या काठच्या उसाच्या पट्ट्यात अंधारात घराबाहेर पडायची सोय नाही. बिबट्या असतो.

हे सगळं आपल्याला दिसतंच. पण दिसतं ते खरंच तसं आहे का, हे कुणीतरी घरोघर जाऊन विचारावं लागतं. याच तालुक्यात ते विचारलं गेलं आहे.

शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक आपल्याला संभाजी महाराजांच्या समाधीमुळे माहीत आहे. त्याच गावात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं केंद्र आहे. सत्तरच्या दशकात डॉ. बानू कोयाजींनी तिथलं काम उभं केलं. गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्यसेवक करायचं, हा त्यांचा आग्रह. पुढे १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून या केंद्राची माणसं शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू, येणं-जाणं यांची नोंद ठेवत आहेत. याच गावांत पन्नाशी गाठलेल्या ५,४३० माणसांना एकदा त्यांच्या तब्येतीबद्दल सविस्तर विचारलं गेलं. निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हेच प्रश्न आशिया-आफ्रिकेत आठ ठिकाणी विचारले गेले होते. बांगलादेशातलं मतलब, घानातलं नवराँगो, व्हिएतनाम, केनिया, आणि आपलं वढू.

प्रश्न साधे होते. चालता येतं का. स्वतःचं आवरता येतं का. दुखतं का. लक्षात राहतं का. झोप लागते का. दिसतं का. मनाला कसं वाटतं. माणसांशी पटतं का.

मला त्यातली एक युक्ती फार आवडली. माणसाला नुसतं त्याच्याबद्दल विचारलं तर तो त्याच्या मापाने सांगतो, आणि मापं सारखी नसतात. जिने पाच कोसांवरून डोक्यावर सरपण आणलं, तिच्या लेखी एक किलोमीटर चालून दम लागणं म्हणजे काहीच नाही. शहरातल्या बँकेतल्या माणसाला तेच दुखणं वाटेल. म्हणून तिथे एका कल्पित माणसाची छोटी गोष्ट सांगत आणि विचारत, या माणसाला किती त्रास आहे असं तुम्हाला वाटतं? त्या उत्तरावरून सांगणाऱ्याचं माप कळतं. मग त्या मापाने त्याचं स्वतःबद्दलचं उत्तर वाचायचं. दुसऱ्याच्या दुःखाला आपण काय नाव देतो, यावरून आपण स्वतःचं किती दाबलं आहे ते समजतं.

आणि निघालं काय? वय वाढतं तसं अंग साथ सोडतं. हे सांगायला सर्वेक्षण नको होतं. पण शिक्षण जितकं कमी, तितकं अपंगत्व जास्त, आणि हे चालण्यापासून दिसण्यापर्यंत सगळ्याच बाबतींत. बायांचं पुरुषांपेक्षा जास्त. आणि खूप म्हातारी झालेली, जोडीदार गेलेली माणसं सगळ्यांत मागे.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित होती. घरांची गरिबीपासून श्रीमंतीपर्यंत पाच गटांत विभागणी केली, तेव्हा रोजची कामं किती जमतात याबद्दलची उत्तरं पाचही गटांत जवळपास सारखीच आली.

यावर मी बराच विचार केला. शाळेने फरक पडतो आणि पैशाने पडत नाही, असं कसं? माझं उत्तर संशोधकांचं नाही, माझ्यापुरतं आहे. सर्वेक्षणात मोजतात ते घराचं. घरात ट्रॅक्टर आहे का, पक्क्या भिंती आहेत का, गाडी आहे का. पण ट्रॅक्टर मुलाच्या नावावर असतो. जमीन कारखानदारीत गेली, पैसे आले, त्यातून बंगला झाला, आणि म्हातारीची खाट पडवीतच राहिली. घर श्रीमंत असतं. म्हातारी श्रीमंत असतेच असं नाही. चौथीपर्यंतची शाळा मात्र जिची तिची. ती वाटणीत जात नाही.

आता चौथीची शाळा गुडघ्याला काय करते? काहीच करत नाही. ती गुडघ्यापर्यंत पोचायच्या आधी पुष्कळ काही करते. कुठलं काम वाट्याला येणार ते ठरवते. लग्न किती वर्षांनी होणार ते थोडंफार ठरवते. एसटीची पाटी वाचता येते, म्हणून पुण्याच्या ससून रुग्णालयात जायला कुणाच्या सुट्टीची वाट बघावी लागत नाही. केसपेपर कुठे द्यायचा ते कळतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, डॉक्टर काय म्हणाले ते समजलं नाही तर दुसऱ्यांदा विचारायचं बळ येतं. न शिकलेली बाई पहिल्यांदाच मान हलवते. बाहेर आल्यावर शेजारणीला विचारते, काय म्हणलं गं ते?

हे फक्त आपल्याकडचं नाही. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा एक अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. त्यांच्यात आपल्या अर्थाने गरीब कुणीच नव्हतं. पगार होता, डोक्यावर छप्पर होतं, दवाखाना होता. तरी वरच्या पायरीवरच्यापेक्षा खालच्या पायरीवरचा लवकर मरत होता, आणि मधल्या पायऱ्यांवर मधलं. म्हणजे प्रश्न नुसता भुकेचा नव्हता. स्वतःच्या दिवसावर आपली किती सत्ता चालते, याचाही होता. शिरूरच्या त्या बाईच्या दिवसावर तिची सत्ता कधी चालली, हे मी आठवून पाहतो. उत्तर चटकन सापडत नाही.

तिचं वय बहात्तरच्या दुष्काळावरून काढलं, ते चुकीचं नव्हतं. शिरूर आणि शेजारच्या दौंड तालुक्याचा मोठा भाग पावसाच्या हिशोबात नेहमी शेवटच्या बाकावर बसलेला. आता घोड, भीमा आणि कालव्यांच्या कडेला ऊस दिसतो, म्हणून ते विसरायला होतं. त्या साली माणसं दुष्काळी कामावर गेली. बंधारे घातले, रस्ते केले, खडी फोडली. सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या मिलोच्या तांबड्या भाकरी खाल्ल्या. त्या वेळी बारा-पंधरा वर्षांची असलेली पोर खडीवर बसली, ती तिची हाडं भरायची वर्षं होती. पुढे कांद्याची लागण, खुरपणी, उसाची बांधणी. दौंडकडे असेल तर गुऱ्हाळावर चुलवाणाच्या धगीपुढे. घरी आल्यावर ओल्या सरपणाची चूल. सकाळी भूक मारायला आणि दात साफ करायला मिश्री. प्रत्येक गोष्टीची नोंद शरीराने ठेवली. कागदावर यातलं काहीच नाही.

हात तर इतके झिजतात की रेशनच्या दुकानात अंगठा उठत नाही. दुकानदार म्हणतो, पदराला पुसून पुन्हा लावा. ती पुसते, लावते. दुसरं बोट लावते. मशीन ओळखत नाही. ज्या हाताने सगळं आयुष्य केलं, तोच हात ही मीच आहे असं सांगायला पुरत नाही.

आणि ती अंदाजाची तारीख. ती फक्त गंमत राहत नाही. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये पासष्टीनंतर मिळतात, तेही वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर. आता वर्षाला २१,००० रुपयांत जगणारं घर कुठलं, हा प्रश्न दाखला मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने एकमेकांना विचारायचा नसतो. एसटीला पुरुषांना पासष्टपासून अर्धं तिकीट, पंचाहत्तरपासून कुणालाच तिकीट नाही. आधार काढणाऱ्याने हिशोबात पाच वर्षं कमी धरली असतील, तर आजच्या दराने बाईचे ९०,००० रुपये गेले. तेवढ्यात बीपीच्या गोळ्या किती आल्या असत्या, हे ज्याचं त्याने मोजावं. पाच वर्षं जास्त धरली असतील तर ती नशीबवान. म्हातारपणाचं नशीब कधीकधी असं एका मुलाच्या तोंडी हिशोबावर ठरतं.

दौंडला हेच चित्र दुसऱ्या बाजूने दिसतं. ते रेल्वेचं गाव. तिथल्या जुन्या गल्ल्यांत रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस असतो, त्याला पेन्शन असतं, रेल्वेच्या दवाखान्याचं कार्ड असतं. तो गेला तर त्याच्या बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. पासबुकावर तिचं स्वतःचं नाव येतं. अशा आईला मुलं आग्रहाने म्हणतात, आई आमच्याकडेच राहील. त्याच गावात हमाली केलेल्याची विधवाही असते. तिच्याबद्दल बोलणं वेगळं असतं. म्हातारी सध्या कुणाकडे आहे?

हा प्रश्न नवरा असेपर्यंत सहसा कुणी विचारत नाही. तोवर ती घरात असते. नंतर ती कुणाकडे तरी असते. दोन मुलं असतील तर पाळी लागते, महिना इकडे, महिना तिकडे. या पाळीत औषधांचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. केसपेपर थोरल्याच्या घरी राहतो. गोळ्या धाकट्याच्या घरी संपतात. सून म्हणते, मागच्या महिन्यात तिकडे होत्या, त्यांनी आणल्या असतील. बीपीला महिना कळत नाही. सर्वेक्षणात जोडीदार नसलेल्या म्हाताऱ्या माणसांचं अपंगत्व जास्त दिसलं, तेव्हा मला आधी ही पाळी आठवली. एकटेपणा हा मोठा शब्द झाला. खाली उतरून पाहिलं तर तो पुष्कळदा एवढाच असतो, की तुझी गोळी झाली का असं विचारणारं माणूस गेलेलं असतं.

दौंडहून पुण्याकडे येताना केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्ती मिशन उभं केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी पोरी, विधवा यांना घेऊन आल्या. त्यांना वाचायला शिकवलं, विणायला शिकवलं, छापखान्यात खिळे जुळवायला शिकवलं. १९२२ मध्ये रमाबाई तिथेच गेल्या. रमाबाईंच्या धर्मांतरावर आपण महाराष्ट्रात शंभर वर्षं बोलत आलो. त्यांनी नेमक्या कुणाला गोळा केलं, यावर कमी बोललो. बाई, अक्षरशत्रू, नवरा नसलेली. वढूच्या तक्त्यांत सगळ्यांत खाली जी माणसं दिसतात, ती त्यांना तक्त्याशिवाय दिसली होती. आणि औषधाच्या बरोबरीने त्यांनी अक्षर आणि हातातलं काम दिलं, हे मला आजच्या आरोग्य अहवालांइतकंच नेमकं वाटतं.

वढूच्या त्या अभ्यासात आणखी एक गाठ आहे. अंग कमी-जास्त चालण्यात फरक दिसला, पण आयुष्य कसं चाललंय असं विचारल्यावर उत्तरांत तसा फरक पडला नाही. शिकलेला, न शिकलेली, जोडीदार असलेला, नसलेली, सगळ्यांचं साधारण सारखंच. संशोधकांनी सुचवलं की आपल्या एकत्र कुटुंबाचा हा आधार असावा. घरात नातवंडं आहेत, कुणी हाक मारतं, म्हातारं माणूस पैशाने नसलं तरी असण्याने घराला लागतं.

मला हे अर्धं पटतं. उरलेल्या अर्ध्यात मला त्या बायांची सवय दिसते. मागणं इतकं लहान करून ठेवायचं की काहीही मिळालं तरी पुरलं म्हणता यावं. पण पटणारं अर्धंही खोटं नाही. नातवाला आंघोळ घालणारी म्हातारी मी पाहिली आहे. तिचा गुडघा त्या वेळी दुखत नाही, असं ती सांगते, आणि मला ते खरं वाटतं.

फक्त त्या एकत्र घरात दिवसा कुणी असावं लागतं. ते प्रश्न विचारले गेले त्यानंतर रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमा यांचं रूप पालटत गेलं. मुलगा कंपनीत जातो. आता सूनही जाते. तिच्या हातात पहिल्यांदाच स्वतःचा पगार येतो, आणि आपण आत्ताच पाहिलं त्या हिशोबाने तिच्या म्हातारपणासाठी ही चांगली गोष्ट आहे. सासूच्या आजच्या दुपारचं तेवढं अवघड होतं. एका बाईचं पुढचं म्हातारपण दुसरीच्या चालू म्हातारपणातून असं वजा होतं, आणि यात चूक कुणाचीच नसते. त्या वेळी पन्नाशीच्या असलेल्या बाया आता सत्तरीला टेकल्या आहेत. सकाळी कंपनीची बस वस्तीच्या फाट्यावर येते, घर रिकामं होतं, आणि शाळा सुटून नातू येईपर्यंत तसंच राहतं.

दुपारची गोळी तोच देतो. चौथीत आहे. पाकिटावरचं इंग्रजी नाव अडखळत वाचतो आणि विचारतो, आजी, ही दुपारची का रात्रीची? तिला नावाशी काही देणंघेणं नाही. ती रंगावरून ओळखते. सरकारी दवाखान्यात पुरवणारी कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो, मग दोन दिवस ती गोळी घेत नाही. संध्याकाळी सून आली की तिला दाखवून घेते.